तिथं तुम्ही नव्हतात, तरी तुमची साक्ष लागते

नमस्कार,

आम्ही २००३ पासून न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी हायस्कूल झाल्यावर, २०१२ साली आर्मीत गेली. तिचे बाबा नको म्हणत होते, पण कॉलेजचा खर्च निघेल, जग बघायला मिळेल, म्हणून ती गेलीच. पहिली दोन वर्षं छान गेली. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, आजीशी तासभर गप्पा. २०१४ च्या उन्हाळ्यानंतर ते थांबलं. फोन आलाच तर दोन मिनिटांचा, कॅमेरा बंद. "आई, मला हे युनिट बदलायचंय," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, सगळीकडे थोडंफार असंच असतं, चिकटून राहा." त्या डिसेंबरात पुण्याला माझ्या भाच्याच्या लग्नाला आली, तेव्हा स्वतः हट्टानं मागून घेतलेली पैठणी नेसलीच नाही. रात्री हॉलमध्ये दिवा लावून झोपायची. तिच्या मामानं मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर किंचाळली आणि त्याला ढकलून दिलं. चारचौघांत शोभा झाली म्हणून मी तिलाच रागावले.

२०१६ ला ती बाहेर पडली. आता टेक्सासला एकटी राहते. कुठलीच नोकरी टिकत नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं फोनवर एका वाक्यात सांगितलं, की युनिटमधल्या एका वरिष्ठानं तिच्यावर बलात्कार केला होता. मी पुढं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मग तिनं व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे, पीटीएसडीचा (आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचा) क्लेम, म्हणजे भरपाईचा अर्ज, केला. तो गेल्या हिवाळ्यात नाकारला. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये घटनेची नोंद नाही आणि त्या काळातले कामाचे शेरे चांगले आहेत, असं पत्रात लिहिलंय. क्लेमसाठीची मानसिक तपासणी व्हिडिओवर झाली होती. तपासणाऱ्यानं "तेव्हाच तक्रार का केली नाहीस?" असं विचारलं आणि त्यानंतर तिला धड बोलताच आलं नाही.

आता ती पुन्हा अर्ज करतेय. मला म्हणाली, "आई, तू एक स्टेटमेंट लिहून देशील?" पण मी तिथं नव्हते, मी काय लिहू? माझं इंग्रजीही कामापुरतंच. हे म्हणतात, सरकारनंच नाही म्हटलंय, आता कशाला उकरून काढायचं. आणि पुन्हा त्या तपासणीला ती कशी बसणार, याच विचारानं मला झोप लागत नाही.

एक आई, न्यू जर्सी

---

ताई, स्टेटमेंट लिहा. आणि लवकर लिहा.

काय लिहू असं विचारता विचारताच तुम्ही निम्मं लिहूनही टाकलंय. बंद पडलेले रविवारचे फोन, युनिट बदलायची धडपड, दिवा लावून झोपणं, मामांना ढकलणं. ही घरगुती हकिकत आहे, हिला सरकार काय विचारणार, असं तुम्हाला वाटत असेल. मी माजी सैनिकांना क्लेमची कागदपत्रं जमवायला मदत करते, तेव्हा खात्रीनं सांगते: व्हीएच्या नियमांनी नेमक्या याच गोष्टींना पुरावा मानलंय. नियमाचा आकडा लिहून ठेवा, ३८ सीएफआर ३.३०४(एफ)(५) (सीएफआर म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची नियमावली). २००२ पासून तो स्पष्ट सांगतो, की सेवेत असताना झालेल्या अत्याचारातून पीटीएसडी झाला असेल तर लष्करी कागदांबाहेरचा पुरावाही चालतो. पोलीस, दवाखाना, समुपदेशन केंद्र यांच्या नोंदी, गर्भचाचणी किंवा गुप्तरोगाची चाचणी, आणि घरचे, रूममेट, सोबतचे सैनिक, धर्मगुरू यांची निवेदनं. त्यापुढं वागण्यातल्या बदलांचा उल्लेख आहे: बदली मागणं, काम ढासळणं, दारू किंवा नशा, कारण न कळता येणारी भीती, घालमेल, नैराश्य, पैशांच्या किंवा नात्यागोत्यांच्या बाबतीत अचानक वेगळं वागणं. क्लेमच्या कामातली माणसं या खुणांना 'मार्कर' म्हणतात. हा शब्द कानावर पडेल, म्हणून सांगून ठेवते.

हा नियम कुणावर मेहरबानी म्हणून आलेला नाही. युद्धातल्या बॉम्बस्फोटाची नोंद दहा ठिकाणी होते. बराकीत, बंद दाराआड, आपल्याच वरिष्ठानं केलेल्या बलात्काराची नोंद कोण करणार? तक्रार करायची तर ती त्याच अधिकाऱ्यांच्या साखळीत वर जायची, ज्यांच्या हातात त्या मुलीची बढती, रजा आणि पोस्टिंग असायची. खटला चालवायचा की नाही हे कमांडर ठरवायचा. बलात्कारासारख्या गुन्ह्यांत हा अधिकार त्यांच्याकडून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे गेला तो थेट डिसेंबर २०२३ मध्ये. तुमच्या मुलीला तोवर सैन्य सोडून सात वर्षं झाली होती. २०१४ मध्ये विशीतली एक शिपाई मुलगी तक्रार घेऊन कुणाकडे गेली असती? "तेव्हाच का बोलली नाहीस" हा प्रश्न विचारणाऱ्यानं आधी याचं उत्तर द्यावं.

तिच्यासारखी ती एकटीच नाही. व्हीएच्या दवाखान्यांत आलेल्या प्रत्येकाला सेवेतल्या लैंगिक अत्याचाराबद्दल किंवा छळाबद्दल विचारलं जातं, आणि साधारण तीन स्त्रियांत एक 'हो' म्हणते, पन्नास पुरुषांत एक 'हो' म्हणतो. मेन राज्यातल्या रूथ मूर यांचं उदाहरण तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नौदलात असताना १९८७ मध्ये त्यांच्यावर बलात्कार झाला. हक्काची भरपाई मिळवायला त्यांना २३ वर्षं झगडावं लागलं, आणि पुढं त्यांनी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, उभं राहून ते सगळं उघडपणे सांगितलं. त्यांच्या नावाचं विधेयकही आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

आता तुमच्या ह्यांच्या म्हणण्याकडे वळते. सरकारनं 'नाही' म्हटलं म्हणजे ती खोटं बोलते असं ठरलं, असं त्यांना वाटत असेल. तसं ठरलेलं नाही. व्हीएच्याच महानिरीक्षक कार्यालयानं २०१८ मध्ये असे नाकारलेले क्लेम तपासले, तेव्हा जवळजवळ निम्मे चुकीच्या पद्धतीनं हाताळलेले निघाले. कुठं मार्कर शोधलेच नव्हते, कुठं तपासणीला बोलवायला हवं होतं तिथं न बोलावताच नकार दिला होता. २०२१ मध्ये पुन्हा पाहिलं तर परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडलीच होती, चुकांचं प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास निघालं. हे मी संतापानं लिहितेय, कारण यातल्या प्रत्येक चुकीमागे एक माणूस आहे, ज्यानं सगळं बळ एकवटून एकदा तोंड उघडलं आणि बदल्यात छापील नकार घेतला. त्यातले कित्येक पुन्हा दारात येतच नाहीत. तुमची मुलगी येतेय.

तिच्या नकारपत्रातली दोन्ही कारणं लंगडी आहेत. पहिलं, नोंद नाही. २०१३ मध्ये फेडरल सर्किट कोर्टानं एझेड विरुद्ध शिनसेकी या निकालात सांगून टाकलंय, की ज्या अत्याचाराची तक्रारच झाली नव्हती, त्याची नोंद नसणं हा तो घडला नसल्याचा पुरावा धरता येत नाही. दुसरं, कामाचे शेरे चांगले. काम ढासळणं हा मार्कर आहे हे खरं, पण काम न ढासळणं याचा अर्थ काही घडलंच नाही असा होत नाही. मी पाहिलेल्या किती तरी मुली उलट कामात स्वतःला गाडून घेतात. रात्रपाळ्या मागून घेतात, सुट्टी नको म्हणतात, कारण बराकीत परतायचं नसतं. शेरा लिहिणारा त्यांना 'मेहनती' म्हणतो. आणि कधी कधी शेरा लिहिणारा अत्याचार करणाराच असतो, किंवा त्याचा मित्र. फाइल वाचणाऱ्यानं इतका विचार करायला हवा, आणि त्यानं केला नसेल तर तिच्या वकिलानं किंवा प्रतिनिधीनं तो त्याच्यासमोर लेखी मांडायला हवा.

आता स्टेटमेंट. व्हीएचा यासाठी फॉर्म आहे, नंबर २१-१०२१०. नोटरी लागत नाही. शेवटी 'माझ्या माहितीप्रमाणे हे खरं आहे' या मजकुराखाली सही करायची असते. इंग्रजीची काळजी अजिबात करू नका. तुम्ही मराठीत लिहा, जसं मला लिहिलंत तसं. मग कुणाकडून तरी सरळ इंग्रजी करून घ्या, अनुवाद करणाऱ्यानं खाली 'मूळ मजकुराप्रमाणेच अनुवाद केला आहे' असं लिहून सही करावी आणि दोन्ही कागद एकत्र जोडावेत. फक्त अनुवाद मुलीकडून करून घेऊ नका. तिला ते वाचायचं असेल तर जरूर वाचू द्या, पण तिच्याच बदलाची आईनं लिहिलेली हकिकत तिनं स्वतः एकेक शब्द इंग्रजीत बसवत राहणं, हे तिच्यावर ओझं घालण्यासारखं आहे.

लिहिताना एकच पथ्य: डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढंच. 'माझ्या मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त झालं' हे वाक्य खरं आहे, पण ते वाचून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. 'तिला पीटीएसडी झाला' हेही लिहू नका, ते डॉक्टर सांगतील. तिच्यावर नेमकं काय झालं ते तर मुळीच लिहू नका, तुम्ही ते पाहिलेलं नाही आणि तुमचा आणि तिचा तपशील एका शब्दानं जुळला नाही तरी त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. तुम्ही तिची आई आहात, ती सैन्यात जायच्या आधी कशी होती आणि नंतर कशी झाली हे तुमच्याइतकं कुणीच सांगू शकत नाही. तिथूनच सुरुवात करा. माझ्या मनात आहे ते साधारण असं:

'मी तिची आई. ती २०१२ साली सैन्यात गेली, तेव्हा बोलकी, नटायची आवड असलेली, घरात सगळ्यांशी मोकळी होती. २०१४ च्या उन्हाळ्यापर्यंत ती दर रविवारी सकाळी व्हिडिओवर फोन करायची. ऑगस्टनंतर फोन कमी झाले, कॅमेरा बंद असायचा. त्याच सुमारास ती मला म्हणाली, की तिला युनिट बदलायचं आहे. मी तिला चिकटून राहायला सांगितलं. तिनं कारण सांगितलं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये पुण्याला माझ्या भाच्याच्या लग्नात तिनं स्वतः निवडलेली साडी नेसायला नकार दिला आणि तीन दिवस गळ्यापर्यंत बंद, लांब बाह्यांचे कपडे घातले. ती हॉलमध्ये दिवा चालू ठेवून झोपायची. माझ्या भावानं मागून खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती ओरडली आणि तिनं त्याला ढकललं. आधी ती त्याच्या गळ्यात पडायची.'

बस्स. तारखा, कपडे, महिने तुमच्या आठवणीप्रमाणे दुरुस्त करा, मी फक्त चाल दाखवलीय. 'आधी ती त्याच्या गळ्यात पडायची' या वाक्याचं महत्त्व लक्षात घ्या. आधी काय होतं हे कळल्याशिवाय बदल दिसत नाही, आणि 'आधी' फक्त घरच्यांना ठाऊक असतं.

"चिकटून राहा" हे तुम्ही म्हणालात, ते या स्टेटमेंटमध्ये लिहिलंच पाहिजे. मला कळतं, ते वाक्य तुम्हाला आज खुपत असेल. पण नियमात बदलीची मागणी हा मार्कर म्हणून लिहिलेला आहे, आणि तिनं ती मागणी लेखी केली नसेल तर ती झाली होती हे सांगणारी एकटी तुम्हीच आहात. तुमचं उत्तर सोबत असलं की कुणीही ओळखेल, की हा संवाद खरा आहे. आईनं स्वतःला चांगलं दाखवण्यासाठी रचलेला नाही.

महिने आठवत नसतील तर खुणा शोधा. त्या डिसेंबरची विमानाची तिकिटं ईमेलमध्ये असतील. लग्नाचे फोटो काढा, ती कडेला उभी, लांब बाह्यांच्या कुर्त्यात, असा एखादा निघेलच, आणि त्यावर तारीख असेल. व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज शोधा. 'युनिट बदलायचंय' असं तिनं कधी लिहूनही पाठवलं असेल तर त्या एका स्क्रीनशॉटचं मोल फार मोठं आहे. आठवत नाही तिथं 'नक्की आठवत नाही' असंच लिहा.

तिच्या बाबांनीही लिहावं, पण वेगळ्या कागदावर, आपल्या शब्दांत, तुमचं न वाचता. दोन कागद शब्दाला शब्द जुळले तर उलट संशय येतो. कदाचित लिहायला बसल्यावर, तिचा फोन कधी तुटला, तिनं कशावरून चिडायला सुरुवात केली हे आठवताना 'कशाला उकरायचं' हे त्यांचं त्यांनाच पटेनासं होईल. त्यांना एवढंच सांगा, की ती काही उकरून काढत नाहीये. ती बारा वर्षं त्याच खड्ड्यात उभी आहे आणि आत्ता हात वर केलाय.

तपासणीबद्दल सांगते. तिला 'सी अँड पी (कॉम्पेन्सेशन अँड पेन्शन) एक्झाम' म्हणतात. ती बहुतेक वेळा व्हीएचे डॉक्टर घेत नाहीत, व्हीएनं कंत्राट दिलेल्या कंपन्यांकडून नेमलेले मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ घेतात. तो माणूस तिला आयुष्यात एकदाच भेटतो, तास-दीड तास, आणि त्याच्या अहवालावर बरंच काही ठरतं. त्याला दोन गोष्टी सांगायच्या असतात. एक, फाइलमधल्या खुणांवरून तसा प्रसंग घडला असण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे का. दोन, आजच्या त्रासाचा त्याच्याशी संबंध आहे का आणि तो किती तीव्र आहे. शंभर टक्के सिद्ध करायचं नसतं. बाजू समसमान असली तर फायदा सैनिकाला द्यायचा, हा कायदाच आहे. म्हणून तुमचं स्टेटमेंट तपासणीच्या आधी फाइलमध्ये पोचलं पाहिजे. नंतर पोचलं तर तपासणाऱ्याचं मत आधीच बनलेलं असतं आणि ते बदलायला पुन्हा एक फेरी लागते. आधी पोचलं, तर 'खुणा नाहीत' असं त्याला लिहिता येणार नाही, आणि तो कुणी समंजस माणूस असेल तर तिला सगळं मुळापासून बोलायला लावायची त्याला गरजही उरणार नाही.

तपासणारी स्त्री हवी की पुरुष, हे निवडायचा हक्क तिला आहे. लैंगिक अत्याचाराच्या क्लेमसाठी हा हक्क जानेवारी २०२१ मध्ये सही झालेल्या कायद्यानं दिला, त्याच कायद्यानं असे क्लेम खास प्रशिक्षित गटांकडे द्यायलाही सांगितलं. पण मागितल्याशिवाय मिळतं असं धरून चालू नका. तारीख कळवायचा फोन येईल तेव्हाच तिनं सांगावं, जमत नसेल तर तिच्या प्रतिनिधीनं. व्हिडिओवर नको, समोरासमोर हवी असेल तर तेही मागून बघावं. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबायला हरकत नसते. 'तक्रार का केली नाहीस' असं पुन्हा कुणी विचारलं, तर एक वाक्य आधीच ठरवून ठेवलेलं बरं: "कारण ज्याच्याकडे तक्रार करायची, तो त्याच्याच बाजूचा होता." किंवा तिचं जे खरं कारण असेल ते. तसा प्रश्न आला, सूर वाईट होता, तपासणी दहा मिनिटांत गुंडाळली, फाइल वाचलेलीच नव्हती, असं काही झालं तर त्याच दिवशी तारखेसकट लिहून प्रतिनिधीला पाठवायचं. तपासणी अपुरी होती असं म्हणून दुसरी मागता येते. पहिल्या वेळचंही तिला जे आठवतं ते आत्ता लिहून ठेवायला सांगा.

आपल्या घरांतून वाढलेल्या मुलींबाबत मला एक भीती नेहमी वाटते. कुणी विचारलं कशी आहेस, तर तोंडातून आधी "बरी आहे" निघतं. आपणच तसं शिकवलेलं असतं. तपासणीत ते अंगाशी येतं. रेटिंग, म्हणजे भरपाई ठरवणारी टक्केवारी, शून्य ते शंभर टक्के असतं, मधल्या पायऱ्या दहा, तीस, पन्नास, सत्तर, आणि ते ठरतं त्रासामुळे काम आणि नाती किती बिघडली यावर. अत्याचार किती भयंकर होता याचं ते माप नाही. तेव्हा तिनं वाईट दिवसाबद्दल बोलायला हवं. किती नोकऱ्या सुटल्या आणि प्रत्येक वेळी काय झालं. कुठल्या रांगेत उभं राहवत नाही. रात्री दार किती वेळा तपासते. अंघोळ किती दिवस टळते. हे सांगणं म्हणजे रडगाणं नाही, फॉर्ममध्ये त्याचेच रकाने आहेत. तिच्या थेरपिस्टनं पत्र दिलं तर तेही जोडा. फेडरल सर्किट कोर्टाच्याच २०११ च्या मेनेगासी निकालानं हे स्पष्ट केलंय, की प्रसंग घडल्याच्या बाजूनं तज्ज्ञाचं मतही पुरावा म्हणून धरता येतं.

या तपासण्या आहेत तशा चालू राहाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. तपासणाऱ्यानं फाइल आधी वाचलीच पाहिजे आणि वाचल्याचं दाखवून दिलं पाहिजे. आधीच्या थेरपिस्टच्या नोंदींत प्रसंग लिहिलेला असेल तर तो पुन्हा वदवून घेण्यात काय हशील आहे? कंत्राटी तज्ज्ञांना अशा माणसांशी बोलायचं प्रशिक्षण दरवर्षी मिळायला हवं, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रारी येतात त्यांना या तपासण्या देणं बंद व्हायला हवं. नकारपत्रात प्रत्येक मार्करचा स्वतंत्र विचार केलेला दिसायला हवा. 'नोंद आढळली नाही' एवढ्या एका ओळीत कुणाचं दार बंद करू नये. तुम्ही अमेरिकेच्या नागरिक असाल तर आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात हे सांगायला जाऊ शकता. नाव न सांगताही सांगता येतं. आणि एखादा क्लेम कुठं अडकलाय याची चौकशीही ती कार्यालयं करून देतात, मात्र त्यासाठी मुलीची सही लागते.

उपचार आणि क्लेम या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे तिला माहीत आहे का विचारा. सेवेत झालेल्या लैंगिक अत्याचारानंतरचे उपचार व्हीए मोफत करते. क्लेम नाकारलेला असला तरी, तेव्हा तक्रार केलेली नसली तरी, एकही कागद नसला तरी. व्हीएच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात यासाठी 'एमएसटी कोऑर्डिनेटर' (एमएसटी म्हणजे सेवेतला लैंगिक अत्याचार) नेमलेला असतो, त्याचं नाव मागायचं. मोठ्या रुग्णालयाची धास्ती वाटत असेल तर 'व्हेट सेंटर' नावाची छोटी समुपदेशन केंद्रं आहेत, तिथल्या नोंदी वेगळ्या आणि गुप्त ठेवल्या जातात. रात्री-अपरात्री फारच वाईट वाटलं तर ९८८ वर फोन करून १ दाबायचं. हा नंबर तुमच्याही फोनमध्ये असू द्या, घरच्यांनाही त्यावर बोलता येतं.

क्लेमसाठी कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका. व्हीएनं मान्यता दिलेले सैनिक संघटनांचे प्रतिनिधी हे काम फुकट करतात, आणि तिच्या राज्यातही सरकारी मदत केंद्रं आहेत. 'शंभर टक्के मिळवून देतो, वाढीव रकमेतला वाटा द्या' असं सांगणाऱ्या कंपन्या इंटरनेटवर ढिगानं आहेत. त्यांच्यापासून चार हात लांब. प्रतिनिधी बाई हवी असेल तर तसं मागता येतं. सैन्यात असताना तिनं कुणाला गुपचूप सांगून 'रिस्ट्रिक्टेड' तक्रार केली असेल, म्हणजे चौकशी नको पण नोंद आणि मदत हवी अशी, तर ते कागद पन्नास वर्षं जपून ठेवलेले असतात. हे तुम्ही तिला विचारू नका. प्रतिनिधी विचारेल.

आणि तिला तुम्ही काय विचारायचं? प्रसंगाबद्दल काहीच नाही. तिनं दोन वर्षांपूर्वी एक वाक्य सांगितलं, दुसरं सांगायचं की नाही हे तीच ठरवेल. तुम्ही फोन करून एवढंच म्हणा: "तू मागितलेलं स्टेटमेंट लिहायला घेतलंय. लग्नात मी तुला रागावले ते चुकलंच माझं. तुला आधी वाचायचंय का, की थेट पाठवू?" ती रडली तर रडू द्या, गप्प बसली तर फोन चालू ठेवा. "विसर आता" म्हणू नका, "देव बघून घेईल" म्हणू नका. नातेवाइकांत हे जाईल ही भीती असेल तर तेही तिला सांगा, की व्हीएची फाइल गोपनीय असते आणि तुमच्याकडून शब्द बाहेर जाणार नाही.

त्याच फोनवर नकारपत्राची तारीख विचारून घ्या. त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत 'सप्लिमेंटल क्लेम', फॉर्म २०-०९९५, नव्या पुराव्यासकट दाखल झाला तर मंजुरीनंतर भरपाई पहिल्या अर्जाच्या तारखेपासून धरली जाऊ शकते. वर्ष उलटलं तर अर्ज करता येतो, पण मधल्या काळाचे पैसे हातचे जातात. दुसरा एक मार्ग वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणीचा आहे, पण त्यात नवे कागद देता येत नाहीत. तुमचं स्टेटमेंट हाच नवा पुरावा असल्यामुळे तुम्हाला पहिलाच मार्ग लागेल.

मामांच्या साक्षीचा विचार तुमच्या मनात आला असेलच. ज्याला ढकललं त्यानं स्वतः लिहून दिलं तर त्याला वजन आहे, पुण्याहून सही करून स्कॅन करून पाठवलं तरी चालतं. पण त्यांना फोन करण्याआधी मुलीची परवानगी घ्या. त्यांना कितपत सांगायचं हे तिला ठरवू द्या. कारण कळलं नाही तरी त्या संध्याकाळी मांडवात काय झालं एवढं ते लिहू शकतात. ती नको म्हणाली, तर नको.